चढतंय का उतरतंय?

परवा रात्री अण्णा एकाच पायात चप्पल घालून घरात आले, आणि ते त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

आठ दिवस पावसानं उघडीप दिली नव्हती. लाइट संध्याकाळीच गेलेली. आमचं घर सांगलीत, कर्नाळ रस्त्याच्या बाजूला, सखलात. नदी आमच्याकडं समोरून येत नाही, नाल्यातून मागच्या दारानं येते. गल्लीच्या टोकाला पाणी लागलं की अण्णा पाण्याच्या कडेला एक वीट उभी करून ठेवतात आणि दर तासाला छत्री आणि बॅटरी घेऊन ती बघायला जातात. आयर्विन पुलावरचा कृष्णेच्या पातळीचा आकडा गल्लीच्या ग्रुपवर सारखा येत असतो, तरी जातात. परवा आठच्या फेरीहून परतले, पायरीवर छत्री झटकली आणि म्हणाले, "वीट गेली. चार बोटं वाढलं बघ तासात." मी मेणबत्ती घेऊन पुढं झाले. शहाबादी फरशीवर त्यांची ओली पावलं उमटत आली होती. एक चपलेचं, एक अनवाणी, परत एक चपलेचं, एक अनवाणी. मी म्हटलं, "अण्णा, चप्पल?" ते थांबले. दुसऱ्या कुणाच्या पायाकडं बघावं तसं खाली बघितलं आणि म्हणाले, "आता होती की."

चपलेचं काही नाही, ती सकाळी समोरच्यांच्या जिन्याखाली अडकलेली मिळाली. मी त्या रात्री पाणी गरम केलं, कोपर बुडवून बघितलं (त्यांना विचारून उपयोग नसतो, उकळतं असलं तरी ते "बरंय" म्हणतात) आणि पाय धुवायला घेतले. गल्लीतल्या त्या पाण्यात काय काय असतं हे सांगलीकरांना सांगायला नको. डाव्या अंगठ्याखाली एक बारीक चिरा होता. काच असेल, पत्रा असेल. रक्त नव्हतं, कडा नुसत्या भिजून पांढऱ्या पडलेल्या. बीटाडिनचा कापूस दाबला आणि विचारलं, "झोंबतंय?" अण्णा म्हणाले, "छे." इतकं हलकं, इतकं सहज होतं ते, की मलाच कुठंतरी झोंबलं.

चार बोटं नदी कळली होती त्यांना. पाय कळला नव्हता.

अण्णांना साखर आहे त्याला वीसेक वर्षं झाली. आधी तळपायाला मुंग्या आल्या, मग रात्रीची आग. थंड फरशीवर तळवे टेकून बसायचे, आई ओलं फडकं गुंडाळायची. गेल्या वर्षी डॉक्टरांनी तपासलं तेव्हा मी शेजारी होते. तपासणी अगदी साधी असते. नायलॉनचा एक जाड धागा तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबतात. तो वाकतो तेव्हा 10 ग्रॅमचा दाब पडलेला असतो. "लागतंय का?" "हो." "इथं?" "हो." सगळीकडं हो. मला बरं वाटायला लागलं, तेवढ्यात दिसलं की समोर औषधांचं काचेचं कपाट आहे आणि अण्णा त्या काचेत डॉक्टरांचा हात बघतायत. डॉक्टरांच्याही ते लक्षात आलं असावं. म्हणाले, "काका, डोळे मिटा." अण्णांनी मिटले. डॉक्टरांनी धागा टेबलावर ठेवून दिला, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि विचारलं, "आता?"

"हो," अण्णा म्हणाले.

मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी अंदाजानं रीडिंग दिलं होतं. आयुष्यभर ज्या माणसाच्या वहीत एक रकाना रिकामा राहिला नाही, त्याला 'दिसत नाही' असं लिहिणं जमलं नाही, इतकंच.

अण्णांची नोकरी नदीच्या पाण्याची. पावसाळ्यात रात्रपाळी. मी शाळेत असताना डबा घेऊन जायची तेव्हा टेबलावर एक काळा फोन, एक लांबलचक रजिस्टर आणि भडंगाची पुडी हे कायमचं दृश्य. कराडचा पूल, बहे, भिलवडी, आयर्विन, अंकली, अशी नदीकाठची गावं ओळीनं बोलायची. कराडला कोयना कृष्णेला मिळते, तिथं काय झालं ते आपल्यापर्यंत यायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ हीच सांगलीची शिल्लक. फोन उचलल्यावर अण्णा पहिल्यांदा "किती?" असं विचारत नसत. विचारत, "चढतंय का उतरतंय?" आकडा मागाहून. आयर्विनला 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 म्हणजे धोका, हे इथल्या पोरासोरांना पाठ असतं. पण चढत्या नदीचे 43 फूट आणि उतरत्या नदीचे 43 फूट या दोन वेगळ्या नद्या आहेत. एकीला लोक गाद्या माळ्यावर टाकतात, दुसरीला खराटा आणि फिनेल घेऊन घरी परततात. आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर ऑइलपेंटनं मारलेल्या दोन रेघा आहेत. खालची 2005 ची. वरची 2019 ची, तेव्हा आयर्विनचा आकडा 57 च्या वर गेला होता आणि आम्ही विश्रामबागेत मावशीकडं होतो. ती रेघ माझ्या डोक्याच्या वर आहे. पाहुणे आले की तिच्याखाली उभं राहून फोटो काढतात, आईला ते अजिबात आवडत नाही.

आणि माझी नोकरी? ती सांगताना मी नेहमी अडखळते. बॅक्टेरियांना काय जाणवतं, जाणवलेल्याचं ते पुढं काय करतात, हे मी त्यांच्या जिनोमवरून, म्हणजे त्यांच्या डीएनएतल्या सगळ्या अक्षरांवरून, शोधते. सूक्ष्मदर्शक नाही, काचेच्या बशा नाहीत, पांढरा कोट नाही. अक्षरं असतात. लांबच लांब अक्षरं, कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर, आणि इथं स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत एक लॅपटॉप, जो लाइट गेल्यावर दोन तास तग धरतो. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला म्हणून आले ती दोन पावसाळे झाले इथंच आहे. चिऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा माझ्या मागं येऊन उभे राहिले. पडद्यावर रंगीत अक्षरांचे उभे पट्टे होते. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "तू ह्यातलं एक तरी जंतू डोळ्यानं बघितलंयस काय गं?"

म्हटलं, "नाही."

"मग त्याला काय जाणवतंय ते तुला इथं बसून कसं कळतं?"

प्रश्नात टोमणा नव्हता. म्हणूनच तो दिवसभर जाईना.

उत्तर द्यायला मी लांबून सुरुवात केली. बॅक्टेरिया पोहतो तो दोनच चालींनी. शेपट्या घड्याळाच्या उलट फिरल्या की त्यांचा पीळ बसतो आणि तो साधारण सेकंदभर सरळ जातो. एखादी घड्याळाच्या दिशेनं फिरली की पीळ सुटतो, तो क्षणभर जागच्या जागी गडबडतो आणि भलत्याच दिशेला तोंड करून पुन्हा निघतो. सुकाणू नाही. तरी तो अन्नाकडं पोचतो, कारण बरं चाललं असेल तर तो गडबडणं लांबवतो. आता, बरं चाललंय हे त्याला कसं कळतं? त्याची लांबी एक-दोन मायक्रॉन. तोंडाशी साखर किती आणि शेपटाशी किती यातला फरक कळावा इतकं त्याचं अंगच नाही. 1972 मध्ये रॉबर्ट मॅकनॅब आणि डॅनियल कॉशलंड यांनी एक सुंदर प्रयोग केला. बॅक्टेरियांना एका झटक्यात जास्त खाद्याच्या पाण्यात मिसळलं. चहूकडं सारखंच पाणी, चढ नाही, उतार नाही. तरी ते सगळे सरळ पोहत सुटले, जसं काही चढ चढतायत. थोड्या वेळानं परत नेहमीसारखे. म्हणजे ते इथं आणि तिथं यांची तुलना करत नव्हते. ते आत्ता आणि मघाशी यांची तुलना करत होते.

अण्णा खुर्ची ओढून बसले. "म्हणजे चढतंय का उतरतंय," ते म्हणाले.

"हो."

"मग त्याची वीट कुठाय?"

मी हे काम बारा वर्षं करतेय. इतका नेमका प्रश्न मला कुठल्या परिषदेत कुणी विचारलेला नाही. त्याची वीट खरोखरच आहे. त्याच्या रिसेप्टरचा, म्हणजे जाणिवेच्या प्रथिनाचा, एक भाग बाहेर असतो आणि एक आत. आतल्या भागावर मिथाइल नावाचे बारीक गट चिकटवायच्या काही ठरलेल्या जागा असतात, बहुतेक चार. एक विकर ते सावकाश चिकटवत राहतं, दुसरं काढत राहतं. बाहेर आत्ता काय आहे ते बाहेरचा भाग सांगतो. मघाशी काय होतं ते चिकटलेल्या मिथाइलांची संख्या सांगते. दोन्हींत फरक पडला की निरोप सुटतो. फॉस्फेटचा एक कण एका प्रथिनावरून दुसऱ्यावर जातो आणि ते दुसरं प्रथिन शेपटीच्या मोटरला जाऊन बिलगतं. मग मिथाइलची गणती हळूहळू नव्या पातळीला जुळते आणि सगळं शांत होतं. पाणी वर गेलं, वीट वर सरकवली. स्मरणशक्ती काही सेकंदांचीच. अण्णांना हे फार आवडलं. "काही सेकंद म्हणजे आमच्यासारखंच झालं," म्हणाले. "नदी उतरली की लोक विसरतात. परत नाल्यात प्लॉट पाडतात."

आई आतून म्हणाली, "ते जंतू साखर ओळखतं म्हणता, आणि ह्यांना मात्र ती खाऊ द्यायची नाही." त्यावर मला ज्युलिअस अ‍ॅडलर आठवले. या विषयाचा पाया त्यांनी 1960 च्या दशकात घातला. 1969 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की गॅलॅक्टोज नावाची साखर ज्या बॅक्टेरियांना पचवताच येत नाही, तेही तिच्याकडं धाव घेतात. ओळखणं वेगळं, पचवणं वेगळं. कान वेगळा, पोट वेगळं. हे वाचलं तेव्हा मी एकटीच हसले होते, कारण साताऱ्याहून कुणी कंदी पेढ्यांचा पुडा आणला की अण्णा एकही पेढा न खाता त्या टेबलाभोवती तीन वेळा फिरतात.

पण मी अण्णांच्या मूळ प्रश्नाला बगल देत होते. कसं कळतं, हा त्यांचा प्रश्न होता. हे सगळं कळलं ते एका ओळखीच्या बॅक्टेरियावरून, आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलायवरून, आणि ज्यांनी तो डोळ्यांनी बघितला त्यांच्याकडून. हॉवर्ड बर्ग यांनी तर एकेकट्या बॅक्टेरियाच्या मागं फिरणारा सूक्ष्मदर्शक बनवला. मी त्यांच्या कित्येक वर्षं मागून आले, आणि मी आले तेव्हा अक्षरांचा पूर आला होता. 1995 मध्ये स्वतंत्रपणे जगणाऱ्या एका बॅक्टेरियाचा पूर्ण जिनोम पहिल्यांदा वाचला गेला, 1997 मध्ये ई. कोलायचा, 46 लाख अक्षरांचा. आज लाखो आहेत. त्यातले बहुतेक बॅक्टेरिया कुणी कधी बशीत वाढवून बघणार नाही. त्यांना काय जाणवतं हे कळायचं तर अक्षरांतूनच.

युक्ती सांगते. रिसेप्टरचा आतला भाग, जिथून निरोप सुटतो, तो अब्जावधी वर्षांत फारसा बदललेला नाही. अगदी टोकाचा तुकडा तर या बॅक्टेरियात आणि त्या बॅक्टेरियात जवळजवळ अक्षरशः सारखा. त्यामुळं संगणकाला तो भाग चटकन ओळखता येतो, गर्दीत वाडवडिलांचं नाक ओळखावं तसा. तेवढ्यावरून जिनोममध्ये किती कान, म्हणजे रिसेप्टर, आहेत ते मोजता येतं. ई. कोलायला असे 5. स्यूडोमोनास एरुजिनोसा या माती-पाण्यात राहणाऱ्या बॅक्टेरियाला 26. आणि मायकोप्लाझ्मा जेनिटालियम, जो माणसाच्या शरीरात आयता राहतो, त्याच्याकडं या प्रकारचा कान नाहीच. फॉस्फेटची निरोप-जोडीही नाही. 2005 मध्ये मायकेल गल्पेरिन यांनी अशी खानेसुमारी करून अर्धवट गमतीनं 'बॅक्टेरियांचा बुद्ध्यांक' असा शब्द वापरला, आणि बाहेर कान देणारे ते बहिर्मुख, आतलंच ऐकणारे ते अंतर्मुख अशी वाटणीही केली. मला ती वाटणी फार मानवी वाटते आणि म्हणून थोडी संशयास्पदही. मायकोप्लाझ्मा मठ्ठ नाही. विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर राहणारा माणूस आयर्विनचा आकडा विचारत नाही, एवढंच आहे ते.

सगळेच कान असे भिंतीत बसवलेलेही नसतात. तासगावकडं मामा सोयाबीन पेरायच्या आधी गुळाच्या पाण्यात रायझोबियमची पाकिटं कालवून बियाण्याला चोळतो, सावलीत पसरून वाळवतो. लहानपणी त्या बियांचा वास मला लाडू वळायला घेतल्यासारखा यायचा. मुळातून जेनिस्टीन नावाचं द्रव्य पाझरतं, बॅक्टेरियाच्या पेशीत शिरतं, आणि आत एक प्रथिन ते ओळखतं आणि तेच जाऊन गाठी बांधायची जनुकं चालू करतं. ना फोन, ना निरोप्या. ज्यानं ऐकलं त्यानंच उठून काम केलं. जिनोम मोजायला लागल्यावर कळलं की बॅक्टेरियांमध्ये अशी एकखांबी व्यवस्थाच जास्त आहे. एकानं ऐकायचं आणि दुसऱ्यानं काम करायचं अशा ज्या दोनखांबी व्यवस्थेवर आम्ही पुस्तकं भरली ती संख्येनं कमीच. मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "ते बरंय, पण पाऊस कधी थांबतोय ते तुझ्या संगणकाला विचार."

अडचण बाहेरच्या भागाची. कान आहे हे कळतं. काय ऐकतो ते कळत नाही. आतला भाग जितका हट्टी, तितका बाहेरचा चंचल. ज्या त्या बॅक्टेरियानं आपापल्या गरजेनं तो बदलून घेतलेला. आणि इथं आमच्या धंद्यातली एक लाजिरवाणी गोष्ट सांगायला हवी. एका रिसेप्टरवर कुणी प्रयोग करून 'हा सेरीन (एक अमिनो आम्ल) ओळखतो' असं लिहून ठेवलं, की त्याच्यासारखा दिसणारा दुसरा सापडला की त्यालाही आपोआप तीच चिठ्ठी चिकटते, तिसऱ्याला दुसऱ्यावरून, चौथ्याला तिसऱ्यावरून. साम्य असतं आतल्या भागात, जो सगळ्यांचाच सारखा असतो, आणि चिठ्ठी चिकटते बाहेरच्या भागाची. डेटाबेस अशा चिठ्ठ्यांनी भरलेले आहेत. अण्णांना हे सांगितलं तर ते इतके हसले की ठसका लागला. त्यांच्या नोकरीतली गोष्ट. कुठल्याशा खेड्यातल्या पर्जन्यमापकाचं रजिस्टर महिनोन्‌महिने अगदी टापटीप यायचं. अण्णा एकदा प्रत्यक्ष बघायला गेले तर पर्जन्यमापकात चिमणीचं घरटं. त्या बाबाजीनं शेजारच्या गावचे आकडे थोडे इकडंतिकडं करून भरले होते. "आणि गंमत बघ," अण्णा म्हणाले, "शेजारचा गडी पण त्याचंच बघून भरायचा."

यावर मीही हसले. मग रात्री एकटी बसून माझ्याच एका जुन्या कामातल्या चिठ्ठ्या परत तपासल्या. तीन बदलाव्या लागल्या.

तर बाहेरचा भाग. ओळखीच्या कानांची अक्षरं, म्हणजे त्यांच्या प्रथिनातली अमिनो आम्लं, एकाखाली एक लावायची, शेकडो, हजारो. पंगतीत पानं मांडावीत तशी, मिठाखाली मीठ आणि लिंबाखाली लिंबू आलं पाहिजे. मग उभं बघायचं. बहुतेक रकाने वाऱ्यावर गेलेले असतात, पण मधूनच एखादा असा येतो की काहीही झालं तरी तिथलं अक्षर हललेलं नाही. तिथं थांबायचं. बॅक्टेरियांत जो बाहेरचा कान फार ठिकाणी सापडतो त्याला डी-कॅश म्हणतात. 2022 मध्ये इगॉर झूलिन यांच्या गटानं आणि स्पेनमधल्या टीनो क्रेल यांच्या प्रयोगशाळेनं मिळून दाखवलं की अमिनो आम्लं ओळखणाऱ्या डी-कॅश कानांत अशी मोजकीच अक्षरं ठरलेल्या जागी येतात. एक आर्जिनिन, एक ट्रिप्टोफॅन, एक अ‍ॅस्पार्टेट, असं. आर्जिनिन अमिनो आम्लाचं एक टोक धरतं, अ‍ॅस्पार्टेट दुसरं. तेवढ्या खुणेवरून संगणकानं हजारो कान शोधले, काही निवडून खरोखर प्रयोग केले, आणि अंदाज बरोबर निघाला. मग त्यांनी हीच खूण घेऊन बॅक्टेरियांच्या बाहेर शोधलं. ती माणसातही सापडली. चेतापेशींवर कॅल्शियमच्या दाराला जोडून असलेल्या अल्फा-2-डेल्टा नावाच्या प्रथिनात.

हे प्रथिन औषधशास्त्रात जुनं आहे. गॅबापेंटिन त्यालाच चिकटतं. ते बनवलं होतं मेंदूतल्या गाबा या रसायनाची नक्कल म्हणून, काम मात्र भलत्याच जागी करतं, आणि ती जागा म्हणजे डी-कॅशची ती खोबण. तिथला तो आर्जिनिन बदलला तर औषध चिकटत नाही.

गॅबापेंटिन आमच्या फ्रिजवरच्या स्टीलच्या डब्यात असतं. रात्री जेवणानंतर एक.

तो शोधनिबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा भारावून बिरावून गेले होते, सगळी सृष्टी एक आहे वगैरे. परवाच्या रात्रीनंतर त्याच गोष्टीकडं मला तसं बघता येत नाही. कारण त्या अभ्यासातला बॅक्टेरियातला जो नमुन्याचा कान आहे, पीसीटी-ए नावाचा, तो स्यूडोमोनास एरुजिनोसाचा. तोच, 26 कानांचा. माती, गटार, पुराचं पाणी, सगळीकडं सुखानं राहणारा, आणि साखरेच्या पेशंटच्या पायाच्या जखमेत डॉक्टरांना ज्याची धास्ती असते त्यांपैकी एक. कुठं अमिनो आम्लं झिरपतायत हे तो त्या कानानं ओळखतो आणि तिकडं जातो. जखमेतून अमिनो आम्लं झिरपतात. म्हणजे गल्लीच्या टोकाच्या त्या काळ्या पाण्यात, बॅटरीच्या उजेडात अण्णा वीट शोधत उभे असताना, त्यांच्या अंगठ्याखाली चिरा पडलाय हे अण्णांच्या आधी तिथल्या एखाद्या जंतूला कळलं असणं अगदी शक्य आहे. आणि ज्या घडणीच्या कानानं ते त्याला कळलं, त्याच घडणीच्या खोबणीत रात्रीची गोळी जाऊन बसते आणि अण्णांच्या पायातली आग विझवते. जाणीव ती परत आणत नाही. ते तिचं कामच नाही.

हे अण्णांना सांगावं की नाही, दोन दिवस ठरेना. चिरा रोज बघत होते, सुकत होता, कडा लाल नव्हत्या. शेवटी गोळीचं तेवढं सांगितलं, जखमेचं गाळलं. त्यांनी डब्यातली गोळी काढून हातावर घेतली, चष्मा वर करून बघितली. "आग गेली ते बरं झालं," म्हणाले. "पण काय होतं माहितीय? आग होती तोवर पाय होता." मग एकदम विषय बदलून म्हणाले, की नदीत उतरायच्या पायऱ्या त्यांना तळव्यांनी पाठ होत्या. कुठली गुळगुळीत, कुठली फुटकी, कितवीवर शेवाळ. माई घाटावर डोळे मिटून उतरत. आता फरशीवर चालायचं तरी खाली बघावं लागतं. लाइट गेली की पाय गेला.

मला ते परवाचं तेव्हा कळलं. लाइट नव्हती, बॅटरी विटेवर होती. पायावर उजेड नव्हता, म्हणून पाय नव्हता.

आज पावसानं जरा दम घेतलाय. नाल्यातलं पाणी टोकाशीच थबकलंय. डॉक्टरांनी दर महिन्याला घरी तपासायला म्हणून त्यांच्याकडचा एक धागा दिलाय, तो मी इतके दिवस ड्रॉवरमध्ये टाकून दिला होता. जेवणं झाल्यावर काढला. अण्णा पलंगावर पाय लांब करून बसले. मी म्हटलं, "डोळे मिटा." "मिटलेत." "खरंच मिटा." त्यांनी टॉवेल घेऊन तोंडावर टाकला आणि म्हणाले, "घे. आता काच पण नाही." उजव्या टाचेपासून सुरुवात केली. "लागतंय?" "हो." मधला भाग. "हो, थोडं." चवड्यावर जरा थांबून, "हो." डाव्या पायाला आले. चिऱ्याच्या शेजारी, अंगठ्याच्या मांसल भागावर धागा टेकवला, वाकेपर्यंत दाबला. धागा वाकला, त्वचेला बारीक खळगा पडला. बाहेर कुणाच्या तरी पत्र्यावर पागोळी पडत होती. आई भांडी विसळायची थांबली होती.

"अण्णा?"

टॉवेल हलला नाही. बराच वेळ गेला.

"नाही," ते म्हणाले.

मी धागा उचलला. वहीत त्या जागी फुली मारली. टॉवेलाखालूनच त्यांनी विचारलं, "आयर्विनचं काय आलंय बघ गं. चढतंय का उतरतंय?"